‘ठाऊक नाहीं’ पक्ष आणि एक खासगी पत्र

२०२३ सालच्या नोव्हेंबरांत हॉलंडमध्यें निवडणूक झाली आणि परदेशांतून येणाऱ्या लोकांस विरोध करणारा पक्ष १५० पैकीं ३७ जागा मिळवून सर्वांत मोठा ठरला. असा निकाल लागल्यावर, ज्यास तो पक्ष मान्य नाहीं परंतु ज्याच्या स्नेह्यासोबत्यांनींच त्यास मतें दिलीं आहेत, अशा मतदारानें काय करावें? प्रश्न जुनाच आहे. सुमारें एकशें सत्तर वर्षांपूर्वीं तो अमेरिकेंत स्प्रिंगफील्ड गांवच्या एका वकिलास पडला होता. त्याचीं त्या वेळचीं पत्रें उपलब्ध असल्यामुळें तो प्रसंग वाचकांपुढें मांडावा असें आम्हांस वाटलें.

१८४५ ते १८५४ या दहा वर्षांत सुमारें २९ लाख लोक अमेरिकेंत येऊन उतरले. आणि १८५० सालीं त्या देशाची एकंदर वस्ती अवघी २ कोटि ३० लाखांच्या आसपास होती. आयर्लंडांत बटाट्याचें पीक कुजून भयंकर दुष्काळ पडला होता. जर्मनींतूनहि माणसांची रीघ लागली होती. आयरिश लोक बहुतेक कॅथॉलिक. हे पोपच्या आज्ञेंत वागणार, मजुरीचे दर पाडणार, आणि पांच वर्षांत नागरिक होऊन पुढाऱ्यांच्या इशाऱ्यावर मतें देणार, अशी धास्ती जुन्या प्रॉटेस्टंट रहिवाशांस वाटूं लागली. यांतील शेवटची तक्रार अगदींच निराधार नव्हती, हें कबूल केलें पाहिजे. या धास्तींतून न्यूयॉर्कमध्यें एक गुप्त मंडळ निघालें. त्याविषयीं कोणी विचारलें तर सभासदानें ‘मला कांहीं ठाऊक नाहीं’ असें उत्तर द्यावयाचें, म्हणून लोक त्यांस ‘नो-नथिंग’ म्हणूं लागले. नागरिकत्वासाठीं पांचांऐवजीं एकवीस वर्षें वास्तव्य हवें आणि अधिकाराच्या जागा जन्मानें अमेरिकन असणाऱ्यांसच मिळाव्या, ही त्यांची मुख्य मागणी.

१८५४ सालीं मॅसॅच्युसेट्स संस्थानांत या पक्षाचा गव्हर्नर निवडून आला. वरिष्ठ सभेंतील सर्व आणि कनिष्ठ सभेंतील तीन वगळून बाकीच्या सर्व जागा त्यांनीं पटकाविल्या. त्या विधिमंडळानें जोगिणींच्या मठांची झडती घेण्यास एक कमिटी नेमली, आणि तिच्या वर्तनामुळें आपलेंच हंसें करून घेतलें. परंतु याच मंडळानें १८५५ सालीं काळ्या मुलांस गोऱ्यांच्या शाळांतून वेगळें काढण्याची चाल कायद्यानें बंद केली! ज्यांस इतिहास केवळ काळ्या-पांढऱ्या रंगांत हवा असतो त्यांची येथें मोठी पंचाईत होते.

आतां आमच्या वकिलाकडे वळूं. त्याचें नांव अब्राहम लिंकन. गुलामगिरीचा नव्या मुलखांत होणारा प्रसार थांबविण्यासाठीं तो माणसें जुळवीत होता, आणि त्याचे जुने सहकारी पुष्कळसे या नव्या पक्षांत शिरले होते. ६ ऑगस्ट १८५५ रोजीं लुइव्हिल शहरांत मतदानाच्या दिवशीं नो-नथिंगांच्या जमावांनीं जर्मन व आयरिश वस्तीवर हल्ला केला. निदान बावीस माणसें मेलीं. पांच दिवसांनीं लिंकननें ओवेन लव्हजॉय यास लिहिलें त्याचा आशय असा: हे बहुतेक माझे जुने स्नेही आहेत, त्यांच्यावांचून आपलें बळ पुरें पडत नाहीं, त्यांच्याविरुद्ध उघड उभें राहण्याचा कटु प्रसंग न येतां त्यांची संघटना आपोआप मरावी, अशी माझी आशा होती. पुढें २४ तारखेस लुइव्हिल येथेंच राहणाऱ्या जोशुआ स्पीड या जिवलग मित्रास त्यानें लिहिलें कीं, आपण नो-नथिंग नाहीं. यांचें राज्य झालें तर सर्व माणसें समान या तत्त्वांतून काळ्यांबरोबर परदेशी व कॅथॉलिकहि वगळले जातील, आणि तसें झाल्यास निदान ढोंग तरी नसलेल्या रशियासारख्या जुलमी देशांत जाऊन राहणें आपण पसंत करूं.

तेरा दिवसांच्या अंतराचीं हीं दोन पत्रें एकाच माणसाचीं आहेत. मनांत इतका संताप असून चारचौघांत त्यानें तो बोलून दाखविला नाहीं. आम्हीं यास भ्याडपणा म्हणणार नाहीं. गुलामगिरीशीं झगडणें त्यास अधिक निकडीचें वाटलें, आणि तें होतेंहि. परंतु त्या मौनाची किंमत लिंकनला द्यावी लागली नाहीं; ती आयरिशांनीं दिली.

पक्ष मोडला तोहि सद्‌बुद्धीमुळें नव्हे. गुलामगिरीच्या प्रश्नावर त्याचे उत्तरेकडील व दक्षिणेकडील सभासद एकमेकांपासून फुटले. १८५६ च्या अध्यक्षीय निवडणुकींत त्याचा उमेदवार, माजी अध्यक्ष फिल्मोर, यास शेंकडा एकवीसांहून अधिक मतें मिळालीं, परंतु एकटें मेरीलँड संस्थान हातीं आलें. (उमेदवारी मिळाली तेव्हां हे गृहस्थ युरोपच्या प्रवासांत होते, आणि त्याच प्रवासांत खुद्द पोपची भेट त्यांनीं घेतली होती.) उत्तरेंतील त्याचे अनुयायी मग बव्हंशीं रिपब्लिकन पक्षांत मिसळले, अर्थात् आपल्या समजुतींसह.

याचें प्रत्यंतर १८५९ सालीं आलें. रिपब्लिकनांच्या हातीं असलेल्या मॅसॅच्युसेट्सनें नव्या नागरिकांस आणखी दोन वर्षें मतदानाचा हक्क नाहीं, अशी अट घातली. तेव्हां लिंकननें एका जर्मन संपादकास जाहीर पत्र लिहून, आपल्या इलिनॉयमध्यें असें कांहीं आपण होऊं देणार नाहीं, हें स्पष्ट केलें; त्याच महिन्यांत स्वतःच्या पैशानें एक जर्मन वर्तमानपत्रहि विकत घेतलें. जर्मनांचीं मतें आतां मोलाचीं झालीं होतीं. मॅसॅच्युसेट्सची ती अट १८६३ सालीं, यादवी युद्ध ऐन भरांत असतां रद्द झाली; त्या वेळीं तेथील आयरिश पलटणी लिंकनच्याच सैन्यांत लढत होत्या.