फुकटची जमीन आणि ओस पडलेली गावे



अमेरिका-कॅनडाच्या मधल्या भागात मैलोन्‌मैल सपाट गवताळ मुलूख आहे. त्याला प्रेअरी म्हणतात. तिथली काही छोटी गावे नव्या बिऱ्हाडांना फुकट किंवा नाममात्र किमतीत प्लॉट देतात. ऐकून वाटतं, लॉटरीच लागली! पण यामागचा इतिहास जरा बघा.

20 मे 1862 रोजी अब्राहम लिंकन यांनी होमस्टेड कायद्यावर सही केली. थोडी फी भरायची, 160 एकर घ्यायचे, 5 वर्षे तिथे राहून जमीन कसायची, की ती आपल्या नावावर. एकट्या बाया, विधवा, पुढे गुलामीतून सुटलेले लोक, सगळ्यांनी जमिनी घेतल्या. कॅनडानेही 1872 मध्ये असाच कायदा केला. अमेरिकेत एकूण सुमारे 27 कोटी एकर वाटले गेले. मात्र ही जमीन बेवारस नव्हती. तिथल्या मूळ जमातींना तह करून, धमकावून, लढाया करून हटवले होते. हे विसरून चालणार नाही.

मग गावे ओस का पडली? पश्चिमेकडे पाऊस कमी, तिथे 160 एकरांत भागेना. म्हणून 1909 मध्ये कोरड्या भागात मर्यादा 320 एकर केली. पुढे ट्रॅक्टर आले, मोठी यंत्रे आली, एकच घर पूर्वीच्या कितीतरी घरांची शेती करू लागले. शेजाऱ्याने शेत विकले की एक कुटुंब गेले. मुले घटली की शाळा गेली. मग दुकान, मग डॉक्टर.

होमस्टेडच्या अगदी पहिल्या अर्जांपैकी एक, 1 जानेवारी 1863 चा, नेब्रास्कातील बिअ‍ॅट्रिसजवळच्या जमिनीचा होता. गंमत म्हणजे 2010 मध्ये त्याच शहराने रिकामे प्लॉट फुकट देऊ केले. कॅन्ससमधल्या मार्क्वेटने तर 2003 मध्येच सुरुवात केली होती. मॅनिटोबातील रेस्टनमध्ये प्लॉट 10 डॉलरला. आधी 1000 डॉलर भरायचे, घर बांधून झाले की 990 परत!

बँकेत आयुष्यभर कर्जप्रकरणे पाहिली, त्यामुळे यातली मेख लगेच कळली. अशा गावात घर बांधायला जेवढा खर्च येतो, तेवढी त्याची बाजारात किंमत होत नाही. बँक कर्ज देते ते व्हॅल्युएशनवर, मधली तूट खिशातून. फुकटच्या प्लॉटने ती तूट थोडी भरते, इतकंच. गावाला मात्र एक घरपट्टी मिळते आणि शाळेच्या पटावर दोन नावे वाढतात. गावाला खरी गरज त्या दोन नावांचीच असते.

आपले पूर्वजही शिंदे, होळकर, गायकवाड यांच्या राज्यांत आले. कुणाला नोकरी मिळाली, कुणाला इनाम. पुढे इनामे गेली, संस्थानेही गेली, तरी आपण इथेच राहिलो. कारण तोवर मुलांच्या शाळा, नोकऱ्या, गणपती, शेजारपाजार सगळं इथलंच झालं होतं. जमीन माणसाला बोलावते, पण त्याला धरून ठेवतात ती माणसंच.

तुमच्या घरी जुनी सनद असेल, किंवा आजोबा इथे का आले आणि का राहिले याची आठवण असेल, तर जरूर लिहा. आपल्यानंतर सांगणारं कोणी उरणार नाही.