मिएश्कोचे तीन हजार

पोलंडच्या इतिहासाचा आरंभ इ. स. ९६६ पासून, म्हणजे मिएश्कोच्या बाप्तिस्म्यापासून सांगण्याचा प्रघात आहे. आम्हांला तो त्याआधीच, ग्न्येझ्नो-पोझ्नान परिसरातील लाकूड-मातीच्या गढ्यांत दिसतो. दहाव्या शतकाच्या मध्यास त्या उभ्या राहत होत्या, आणि टोळ्यांच्या कित्येक जुन्या गढ्या जळत होत्या.

इब्राहिम इब्न याकूब हा ज्यू प्रवासी मिएश्कोच्या तीन हजार चिलखती योद्ध्यांविषयी लिहितो. वेतन, वस्त्रे, घोडे, शस्त्रे सारे राजाकडून. इतकेच काय, योद्ध्याला मूल झाले की त्याच्याही पोषणाची तरतूद! आकडा फुगवलेला असेलही. पण कुळाशी जखडलेली निष्ठा राजाकडे वळवण्याचा याहून नेमका उपाय आम्हांला सुचत नाही. ९६५ सालचा बोहेमियाच्या दोब्रावाशी विवाह आणि पाठोपाठचा बाप्तिस्मा हीदेखील, आमच्या मते, राजकारणाचीच पावले.

अखेरीस त्याने राज्य पोपच्या छत्राखाली दिले. त्या दानपत्रात दुसरी पत्नी ओडा व तिचे दोन पुत्र आहेत. थोरला बोलेस्वाव मात्र नाही. ९९२ साली मिएश्को वारल्यावर त्याच बोलेस्वावने सावत्र आईला मुलांसह हाकलून दिले. दानपत्राचा केवळ सारांश उरला आहे, आणि तो लिहिणाऱ्याने या मंडळींना चक्क सार्डिनियाचे रहिवासी समजले!