पन्नाशीनंतरची धाव

पांढऱ्या दाढीचा माणूस रस्त्यावरून धावताना दिसला, की लोकांना आधी काळजी वाटते आणि मग हसू येतं. मी बावन्नाव्या वर्षी धावायला लागलो, तेव्हा सेमिनरी हिल्सच्या चढावर एका चहावाल्याने विचारलं, ‘काऊन धावून राहिले चाचा? कोनी मागं लागलं का जी?’ प्रश्न गमतीचा, पण इतिहासाला धरून होता. माणूस धावतो तो गरजेपोटी, हौसेपोटी नव्हे, अशी आपली जुनी समजूत. ती अगदीच खोटी नाही.

आपल्या नागपूरकर भोसल्यांचंच घ्या. १७५१ साली ओरिसा त्यांच्या ताब्यात आला. नागपूर ते कटक एवढ्या मुलुखाचा कारभार पत्रांवर चालायचा आणि पत्रं चालायची जासुदांच्या पायांवर. मराठेशाहीच्या कागदांत ‘जासूदजोडी’ हा शब्द जागोजागी भेटतो. इंग्रजी अमलात डाकेचे हरकारे आले. खांद्यावर थैली, हातात घुंगरं लावलेली काठी. ठरलेल्या टप्प्यावर थैली दुसऱ्याच्या स्वाधीन करायची. पत्रांतला मजकूर इतिहासाने जपून ठेवला. तो वाहून आणणारा पन्नाशीला पोचला तेव्हा त्याच्या गुडघ्यांचं काय झालं होतं, याची नोंद मात्र कुणी ठेवली नाही.

मॅरेथॉनची कथाही एका जासुदाचीच. इसवी सनापूर्वी ४९० मध्ये मॅरेथॉनच्या लढाईतल्या विजयाची बातमी घेऊन एक ग्रीक अथेन्सपर्यंत धावला आणि ती सांगून कोसळला, असं म्हणतात. इतिहासकारांचा तिच्यावर फारसा विश्वास नाही, पण १८९६च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये तिच्यावरूनच शर्यत ठेवली गेली. ती जिंकली स्पिरिडॉन लुईस या पाणक्याने. म्हणजे तिथेही कष्टकऱ्याचेच पाय!

आपल्याकडे हे घडलं पुण्यात. १९१९ साली डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांमध्ये शेतकरी मंडळी अनवाणी लांब पल्ल्याचं अंतर कापताना सर दोराबजी टाटांनी पाहिली आणि यांना ऑलिम्पिकला पाठवायचंच, असं मनावर घेतलं. १९२० साली अँटवर्पच्या मॅरेथॉनमध्ये दोन मराठी मुलखातली माणसं उभी राहिली. त्यांतले सदाशिव दातार शर्यत पुरी करू शकले नाहीत. बेळगावचे फडेप्पा चौगुले एकोणिसावे आले. अंतर आजच्या ४२.१९५ किलोमीटरपेक्षा थोडं जास्तच होतं, पावणेत्रेचाळीस किलोमीटर. चौगुल्यांना लागले दोन तास पन्नास मिनिटं आणि पंचेचाळीस सेकंद. शाळेच्या पुस्तकात मी हे नाव कधी वाचलं नाही.

पण चौगुले तरुण होते. ‘झेपणार नाही’ हे आपण दोघांना हमखास सांगतो, बाईला आणि म्हाताऱ्याला. ऑलिम्पिकमध्ये बायकांना मॅरेथॉन धावायला मिळाली ती थेट १९८४ साली. लता भगवान करे यांना तर कुणी काही सांगायच्या आतच त्या धावल्या. मूळच्या आपल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या, मजुरीसाठी बारामतीकडे गेलेल्या, साठी ओलांडलेल्या. नवऱ्याच्या उपचाराला पैसे हवे होते. बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये त्या नऊवारीत, अनवाणी उतरल्या आणि ज्येष्ठांची शर्यत जिंकल्या. शर्यत तीन किलोमीटरची होती. आपल्याकडे कुठल्याही अंतराला मॅरेथॉन म्हणतात, ते असो. पुढे २०२० साली त्यांच्यावर सिनेमा आला, त्यात त्यांची भूमिका त्यांनीच केली. मला त्या वेळी बीबी हाजरा आठवल्या. तहानलेल्या लेकरासाठी पाणी शोधत सफा आणि मरवा या टेकड्यांमध्ये त्यांनी सात फेऱ्या घातल्या. हजला गेलेली माणसं आजही त्या फेऱ्या घालतात.

फौजासिंगांची गोष्ट निराळी. मुलाच्या मृत्यूचं दुःख घेऊन हा पंजाबी शेतकरी धावू लागला. २००० साली लंडन मॅरेथॉन केली तेव्हा वय ८९ सांगितलं गेलं, २०११ साली टोरोंटोत १००. जन्मदाखला नव्हता म्हणून गिनीजने विक्रम मानला नाही. आमच्या वस्तीतल्या निम्म्या म्हाताऱ्यांचं वय ‘मोठा पूर आला त्या साली’ असं सांगितलं जातं, त्यांचंही गिनीजपुढे काही चाललं नसतं. जुलै २०२५ मध्ये जालंधरजवळ रस्ता ओलांडताना गाडीने धडक दिली आणि ते गेले.

माझे वडील विणकर होते. दिवसभर मागावर हातपाय चालायचे, पण माणूस बसलेलाच. चौपन्नाव्या वर्षी हृदयविकाराने गेले. बावन्न लागलं तसा तो आकडा मला दिसायला लागला. डॉक्टरांनी तपासण्या करून परवानगी दिली आणि मी सुरुवात केली: विजेचे दोन खांब चालायचं, एक खांब धावायचं. खांबांचं गणित उलटं व्हायला चार महिने लागले. नागपुरात धावायचं म्हणजे उन्हाळ्यात पहाटे पाचला घर सोडायचं, कारण मे महिन्यात सहालाच ऊन अंगावर येतं. रमजानमध्ये इफ्तारीच्या आधी अर्धा तास, अगदी सावकाश. बायको आधी म्हणायची, ‘वयाचं भान ठेवा.’ आता पायताणं तीच उन्हात ठेवते.

२००४ साली मुंबई मॅरेथॉन सुरू झाली, तिच्यात ज्येष्ठांची वेगळी धाव असते. त्यानंतर गावोगावच्या शर्यतींमध्ये पांढरे केस दिसायला लागले. मी पंचावन्नाव्या वर्षी नागपुरातच अर्धमॅरेथॉन पुरी केली. छातीवर नंबर होता, नंतर यादीत नाव आलं, नावापुढे वयोगट आणि वेळ. जासुदांच्या वाट्याला हे कधी आलं नव्हतं. माझी वेळ होती दोन तास एक्कावन्न मिनिटं. तेवढ्या वेळात चौगुल्यांनी दुप्पट अंतर तोडलं होतं!