माध्यमिक शाळेतील व्यवसायशिक्षण : एक मागोवा

डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगाने २९ जून १९६६ रोजी आपला अहवाल केंद्र शासनाला सादर केला. आपल्या शाळेचे पहिले वर्गही त्याच सुमारास भरू लागले. हीरक महोत्सवाच्या निमित्ताने मागे वळून पाहताना त्या अहवालातील एका अपुऱ्या राहिलेल्या संकल्पाचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. १९८६ पर्यंत निम्न माध्यमिक स्तरावरील २० टक्के आणि दहावीनंतरचे ५० टक्के विद्यार्थी पूर्णवेळ किंवा अर्धवेळ व्यवसायशिक्षण घेत असावेत, अशी आयोगाची अपेक्षा होती. आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूर जिल्ह्याचे सुपुत्र. गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता आणि ग्रामीण मुलांच्या शिक्षणाचा प्रश्न त्यांनी जवळून पाहिला होता. १९८६ साल आले आणि गेले. अपेक्षित प्रमाण मात्र गाठता आले नाही. असे का झाले, याचा शोध घ्यायचा तर आणखी मागे जावे लागते.

१८८२ मध्ये विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी निवेदन सादर केले. शाळेत मोडी आणि बाळबोध लेखन-वाचन व हिशेब यांच्याबरोबर शेतीचे प्राथमिक ज्ञान द्यावे, त्यासाठी खेड्यातील शाळेला प्रत्यक्ष शिक्षणाकरिता छोटी नमुनेदार शेती जोडावी, असे त्यांनी सुचविले. आयोगानेही माध्यमिक शाळेच्या वरच्या वर्गांत दोन शाखा असाव्यात अशी शिफारस केली : एक विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेकडे नेणारी, दुसरी व्यापारउदीम आणि इतर व्यावहारिक कामांसाठी तयार करणारी. कल्पना चांगली होती, परंतु दुसऱ्या शाखेकडे फारसे कोणी वळले नाही. मॅट्रिक झालेल्याला महाविद्यालय खुले होते आणि सरकारी नोकरीही. दुसऱ्या शाखेतून बाहेर पडणाऱ्याच्या हाती असे काहीच पडत नव्हते. १९२९ मध्ये हार्टॉग समितीलाही माध्यमिक शिक्षणावर मॅट्रिकचेच वर्चस्व असल्याचे आढळले.

ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत महात्मा गांधींनी या प्रश्नाला वेगळे वळण दिले. हस्तोद्योग हा शिक्षणाचा एक विषय न राहता त्याचे माध्यम व्हावा, शिक्षण सात वर्षांचे, मोफत आणि मातृभाषेतून असावे, असा विचार तेथे मांडला गेला आणि डॉ. झाकिर हुसेन समितीने त्याची योजना तयार केली. नई तालीमचे ध्येय कारागीर घडविण्यापुरते मर्यादित नव्हते; हात, बुद्धी आणि हृदय यांचा एकत्र विकास तिला अभिप्रेत होता. स्वातंत्र्यानंतर अनेक प्रांतांत मूलोद्योगी शाळा निघाल्या. तथापि त्या शाळेतील मूल पुढे नेहमीच्या हायस्कुलात गेले की टकळी मागे राही आणि पाठ्यपुस्तकच पुन्हा सर्वस्व होऊन बसे.

१९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने बहुउद्देशीय शाळांची शिफारस केली. मानव्यविद्या, विज्ञान, तांत्रिक, वाणिज्य, कृषी, ललित कला आणि गृहविज्ञान असे सात गट त्यात होते. कार्यशाळा उभ्या राहिल्या, यंत्रे आली. शिकविणारे मात्र कमी पडले. ही उणीव भरून काढण्यासाठी १९६३ मध्ये अजमेर, भोपाळ, भुवनेश्वर आणि म्हैसूर येथे प्रादेशिक शिक्षण महाविद्यालये स्थापन झाली, पण तोवर या प्रयोगाचा जोम ओसरू लागला होता. कोवळ्या वयात मुलाची वाट कायमची ठरवून टाकणे योग्य नाही, हा आक्षेपही रास्त होता. म्हणूनच कोठारी आयोगाने दहावीपर्यंत सर्वांना सामान्य शिक्षण, सोबत कार्यानुभव आणि विशेष व्यवसायशिक्षण त्यानंतर, असा क्रम लावला.

या कार्यानुभवाचे पुढे काय झाले, हे आपल्यापैकी अनेकांनी विद्यार्थी म्हणून अनुभवले आहे. १९७७ मध्ये ईश्वरभाई पटेल समितीने त्याला 'समाजोपयोगी उत्पादक कार्य' असे नवे रूप दिले. हेतू उदात्त होता. प्रत्यक्षात कित्येक शाळांतून खडू, मेणबत्त्या आणि कागदी फुले यांपलीकडे हा विषय गेला नाही, आणि परीक्षा जवळ आली की त्याचा तास गणिताला दिला जाई.

१९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने उच्च माध्यमिक स्तरावरील १० टक्के विद्यार्थी १९९० पर्यंत आणि २५ टक्के १९९५ पर्यंत व्यावसायिक अभ्यासक्रमांकडे वळविण्याचे ठरविले. १९९२ मध्ये याच उद्दिष्टांची मुदत अनुक्रमे १९९५ आणि २००० अशी वाढवावी लागली आणि तीही पाळता आली नाही. मात्र या काळात एक महत्त्वाची गोष्ट घडली. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्यात १९८६ मध्ये दुरुस्ती होऊन बारावीचा व्यावसायिक अभ्यासक्रम पूर्ण केलेल्यांनाही उद्योगांत शिकाऊ उमेदवार म्हणून घेण्याची तरतूद झाली. शाळेच्या प्रमाणपत्राला कारखान्याच्या फाटकापाशी प्रथमच कायद्याने किंमत मिळाली.

राज्यांचे अनुभव या दृष्टीने बोलके आहेत. केरळने १९८३-८४ पासून व्यावसायिक उच्च माध्यमिक शिक्षण सुरू केले आणि त्यातून पुढील उच्च शिक्षणाकडे जाण्याची सोयही ठेवली. महाराष्ट्रात अकरावी-बारावीसाठी किमान कौशल्यावर आधारित व्यवसाय अभ्यासक्रम आले. तांत्रिक, वाणिज्य, कृषी, मत्स्य, आरोग्यसेवा आणि गृहशास्त्र अशा गटांतून मुलांनी प्रशिक्षण घेतले. यातील तांत्रिक गटाच्या विद्यार्थ्याला तंत्रनिकेतनात पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो, ही सवलत अनेक घरांना मोलाची वाटली. त्याच राज्यातील द्विलक्षी अभ्यासक्रमाचे उदाहरण तर विचार करायला लावणारे आहे. तेथे विद्यार्थी द्वितीय भाषा आणि एक ऐच्छिक विषय यांच्याऐवजी इलेक्ट्रॉनिक्स किंवा मत्स्यविज्ञान यांसारखा २०० गुणांचा व्यावसायिक विषय घेतो; विज्ञान शाखा सुटत नाही. या जागांसाठी मुलांची रीघ लागली. त्यांतील बहुतेकांना तो व्यवसाय करायचा नव्हता, अभियांत्रिकीला जायचे होते, हे खरे. तरीही त्यातून एक बोध मिळतो : पुढची वाट बंद होत नाही अशी खात्री असेल तर आपला समाज हाताच्या कामाकडे पाठ फिरवीत नाही.

याच विचाराचे अधिक सखोल रूप पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे दिसते. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये तेथे विज्ञान आश्रम सुरू केला. आठवी ते दहावीच्या मुलांसाठी त्यांनी मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम आखला. वेल्डिंग, सुतारकाम, वीजजोडणी, शेती-पशुपालन, अन्न आणि आरोग्य यांतील कामे मुले स्वतः करतात आणि गावाला उपयोगी पडणाऱ्या सेवाही देतात. लोखंडी चौकट जोडताना काटकोन का साधावा लागतो हे कळले की भूमितीचे प्रमेय पुन्हा समजावून सांगावे लागत नाही. येथे व्यवसाय आणि विज्ञान एकमेकांचे प्रतिस्पर्धी राहत नाहीत.

२०१३ मध्ये राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा आला आणि नववीपासून बारावीपर्यंत चढत्या स्तरांचे कौशल्यविषय शाळांत शिकवले जाऊ लागले. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने व्यावसायिक आणि शैक्षणिक शाखांमधील भिंत दूर करण्याचा निर्धार केला, सहावी ते आठवीच्या मुलांसाठी १० दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार यांच्यासारख्या स्थानिक जाणकारांकडे शिकण्याचे सुचविले आणि २०२५ पर्यंत किमान ५० टक्के विद्यार्थ्यांना व्यवसायशिक्षणाचा परिचय व्हावा असे उद्दिष्ट ठेवले. याच धोरणात नमूद आहे की बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या अंदाजानुसार भारतातील १९ ते २४ वयोगटातील ५ टक्क्यांहून कमी कामकऱ्यांनी औपचारिक व्यवसायशिक्षण घेतले होते. जर्मनीत हे प्रमाण ७५ टक्के आणि दक्षिण कोरियात ९६ टक्के आहे.

हंटर आयोगापासून आजपर्यंतच्या या वाटचालीत विचारांची कमतरता कधीच नव्हती. कमी पडल्या त्या तीन गोष्टी : कायम नेमलेला आणि कामात मुरलेला शिक्षक, रोज वापरली जाणारी कार्यशाळा, आणि अभ्यासक्रम पूर्ण केल्यानंतरची वाट. यांत तिसरी सर्वांत निर्णायक ठरली. पालकसभेत कौशल्यविषयाची माहिती दिली की "हे घेतल्यावर पुढे कॉलेजला जाता येईल ना?" हा प्रश्न हमखास येतो. त्यामागे कामाविषयीचा तुच्छभाव असतोच असे नाही. ज्यांच्या स्वतःच्या हाताला घट्टे आहेत, असे आईवडीलही तो विचारतात. शंभर-दीडशे वर्षांत दुसऱ्या शाखेचे दार अर्ध्यावरच बंद होताना पिढ्यान्‌पिढ्यांनी पाहिले आहे. त्या अनुभवाचे शहाणपण या प्रश्नात आहे. मागे पडलेल्या मुलांची सोय म्हणून हे शिक्षण मांडले जाईल, तोवर हुशार मूल त्याकडे येणार नाही, आणि जे येईल ते मान खाली घालून येईल.

मराठी माध्यमाच्या शाळेवर येथे विशेष जबाबदारी आहे. रंधा, पटाशी, करवत, ओळंबा, गुण्या, थापी हे शब्द आपल्या मुलांच्या घरचे आहेत. ज्या भाषेत वडील काम करतात त्याच भाषेत शाळेने त्या कामामागील शास्त्र शिकवावे, हे वर्ध्याचे सूत्र आजही जुने झालेले नाही. हा अभ्यासक्रम यशस्वीपणे पूर्ण करणाऱ्या मुलीच्या किंवा मुलाच्या हाती पडणारे प्रमाणपत्र उद्योगाने मानले पाहिजे आणि महाविद्यालयानेही. निकालाच्या दिवशी फलकावर गुणवंतांची नावे लागतात, त्यांत या मुलांची नावेही त्याच अक्षरांत आणि त्याच ओळीत लागावीत. पुढील पंधरा वर्षांनी अमृत महोत्सवी ग्रंथ सिद्ध होईल, तेव्हा माजी विद्यार्थ्यांच्या यादीत डॉक्टर आणि अभियंते यांच्या शेजारी शाळेतच कामाचे पहिले धडे गिरवलेले कुशल कारागीर आणि उद्योजकही असावेत, यासाठी आजपासून झटणे हे आपणा सर्वांचे कर्तव्य आहे.