पुरातत्त्वशास्त्रातील पीएच.डी. : प्रवेश, परवाने आणि सहा वर्षांची मुदत

पुरातत्त्वशास्त्रात पीएच.डी. करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांपुढे पहिले नाव येते ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे. १८२१ मध्ये हिंदू कॉलेज म्हणून सुरू झालेली ही संस्था १९३४ मध्ये बंद पडली आणि १९३९ मध्ये पदव्युत्तर व संशोधन संस्था म्हणून पुन्हा उघडली. त्याच वर्षी तेथे रुजू झालेले डॉ. हसमुख धीरजलाल सांकळिया हे लंडन विद्यापीठाचे पीएच.डी. होते. मॉर्टिमर व्हीलर यांच्या इंग्लंडमधील मेडन कॅसल येथील उत्खननात त्यांनी काम केले होते. जोर्वे, नेवासे, नावडातोली आणि इनामगाव या उत्खननांतून त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दख्खनच्या ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांचा इतिहास उजेडात आणला. १९९० मध्ये संस्थेस अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला.

बडोद्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ, वाराणसीचे बनारस हिंदू विद्यापीठ, कुरुक्षेत्र, कोलकाता, केरळ आणि नागपूर या विद्यापीठांतही या विषयात संशोधनाची सोय आहे. ग्रेटर नोएडा येथील पंडित दीनदयाळ उपाध्याय पुरातत्त्व संस्थेचे नाव या यादीत अनेकदा जोडले जाते. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या या संस्थेचा मुख्य अभ्यासक्रम मात्र दोन वर्षांचा पदव्युत्तर पदविकेचा आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार पदव्युत्तर परीक्षेत किमान ५५ टक्के गुण आवश्यक असून राखीव प्रवर्गांना पाच टक्के सवलत आहे. चार वर्षांची पदवी ७५ टक्के गुणांसह उत्तीर्ण झालेल्यांनाही आता थेट अर्ज करता येतो. २०२४ पासून राष्ट्रीय पात्रता चाचणी अर्थात ‘नेट’मधील गुण पीएच.डी. प्रवेशासाठीही ग्राह्य धरण्याची व्यवस्था झाली. पुरातत्त्वशास्त्र हा ‘नेट’चा स्वतंत्र विषय आहे. कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळाल्यास २०२३ पासूनच्या दरानुसार पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये व पुढे ४२,००० रुपये मिळतात. ती न मिळालेल्या विद्यार्थ्याने मात्र क्षेत्रकार्याचा खर्च कसा भागवायचा, याचा विचार प्रवेशापूर्वीच करावा.

प्रबंध किमान तीन व कमाल सहा वर्षांत सादर करावा लागतो. दोन वर्षांची मुदतवाढ मिळू शकते. महिला व दिव्यांग विद्यार्थ्यांना आणखी दोन वर्षांची सवलत आहे. कागदावर ही मुदत पुरेशी वाटते. पुरातत्त्वात ती का अपुरी पडते, हे समजून घेणे आवश्यक आहे.

उत्खननाचा परवाना भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण देते आणि तो संस्थेच्या प्रकल्पाला, एका हंगामापुरता मिळतो. विद्यार्थ्याला स्वतःच्या प्रबंधासाठी टेकाड खणता येत नाही. पावसाळा संपल्यावर काम सुरू होते आणि उन्हाळ्यात थांबते. परवाना लांबला की हंगाम जातो. शिवाय उत्खननापेक्षा त्यानंतरचे काम मोठे असते : खापरे धुणे, त्यांवर क्रमांक घालणे, वर्गवारी, रेखाटने, हाडे व बियाण्यांची ओळख. पुणे जिल्ह्यातील घोड नदीकाठच्या इनामगावचे उत्खनन १९६८ ते १९८३ दरम्यान चालले. त्याचा सविस्तर अहवाल १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. सहा वर्षांच्या मुदतीत बसणारे हे काम नव्हे.

म्हणूनच बहुतेक अनुभवी मार्गदर्शक विद्यार्थ्याला दोन मार्ग सुचवतात. एक, एखाद्या तालुक्याचे वा नदीखोऱ्याचे पायी सर्वेक्षण. दुसरा, जुन्या उत्खननांतील संग्रहात पडून असलेल्या अवशेषांचा नव्या पद्धतींनी अभ्यास. दुसऱ्या मार्गाला कमी लेखण्याचे कारण नाही. इनामगावची घरे खणून झाली. पण तेथील माणसांच्या सांगाड्यांवरील संशोधन उत्खनन संपल्यानंतरही वर्षानुवर्षे सुरू राहिले. कार्बन कालमापनासाठी नमुने दिल्लीच्या आंतरविद्यापीठ त्वरक केंद्रासारख्या प्रयोगशाळांत पाठवता येतात, मात्र तेथील प्रतीक्षा आपल्या वेळापत्रकात धरावी.

त्यामुळे मार्गदर्शक निवडताना त्यांच्या नावापेक्षा दोन प्रश्न अधिक उपयोगी ठरतात. कोणत्या संग्रहावर काम करण्याची लेखी परवानगी मिळेल? आणि त्यातील निष्कर्ष प्रथम प्रसिद्ध करण्याचा अधिकार कोणाचा? प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा व सहायक प्राध्यापकाला चारच विद्यार्थी घेता येतात. त्यामुळे जागा थोड्या असतात आणि हे प्रश्न विचारण्याचा संकोच होतो. तो टाळलेला बरा. आधीचे प्रबंध ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात. अर्जासोबतचा आराखडा लिहिण्यापूर्वी आपल्या प्रदेशावरील दोन-तीन प्रबंध तेथे पाहावेत. कोणते गाव आधीच पाहून झाले आहे, हे त्यांच्या परिशिष्टांवरून कळते.