वाड्याच्या आंतील शोभा



घर सजविणें ह्याचा अर्थ आज आपण असा करतों कीं, घर बांधून झालें, भिंतींना रंग देऊन झाला, म्हणजे बाजारांत जावें आणि शोभेच्या वस्तू आणाव्या. पेशवाईंतील वाड्यांत राहणाऱ्या गृहस्थाला ही रीत चमत्कारिक वाटली असती. त्याच्या घरांतील बहुतेक शोभा सुताराच्या, गवंड्याच्या आणि घरच्या बायकांच्या हातून, घराबरोबरच, निर्माण होत असे. ती उचलून दुसरीकडे नेण्याजोगी नव्हती. त्या शोभेविषयीं आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

दिवाणखान्यांत पाऊल टाकतांच डोळ्यांत भरत ते सुरूचे खांब. सागाच्या लांकडाचा हा खांब तळाशीं घटासारखा फुगीर असे. त्या घटावर कमळाच्या पाकळ्या कोरीत, आणि तेथून तो सुरूच्या झाडाप्रमाणें निमुळता होत वर जाई. सुरू हा शब्द फारसी, आणि खांबाची घडणही उत्तरेकडची. शहाजहानच्या काळीं, म्हणजे १६२८ ते १६५८ ह्या तीस वर्षांत, आग्रा व दिल्ली येथील किल्ल्यांत हा आकार संगमरवरांत घडविला गेला. पुढें तो दूरदूरच्या दरबारांत पसरला. आपल्या सुतारांनीं त्याला दगडांतून लांकडांत आणलें आणि इतकें आपलेंसें केलें कीं, आज मराठी वाडा म्हटला म्हणजे प्रथम तोच खांब आठवतो.

दोन खांबांच्या मध्यें पाकळीदार महिरप असे, आणि महिरपीच्या बाजूंना लोंबणारीं केळफुलें. येथें एक गोष्ट कबूल केली पाहिजे. वाड्याचा भार ह्या महिरपीवर नसे. तो वरच्या आडव्या तुळईवर असे. महिरप म्हणजे कोरलेल्या फळ्या, तुळईच्या खालीं बसविलेल्या. ती काढून टाकली तरी वाडा उभाच राहील. आम्ही शाळेंत मुलांना मोठ्या अभिमानानें सांगत असूं कीं, आपल्या पूर्वजांनीं निरुपयोगी असें कांहींच केलें नाहीं. तें खरें नव्हे. त्यांना शोभा हवी होती, आणि तिच्यासाठीं ते सुताराला महिनेच्या महिने दारीं बसवून ठेवीत.

शनिवारवाड्याचा पाया १७३० सालीं घातला गेला आणि १७३२ सालीं वास्तुशांत झाली. त्यांतील महाल १८२८ च्या आगींत जळाले. परंतु तेथील गणपति रंगमहालाची कल्पना देणारें एक चित्र सुदैवानें शिल्लक आहे. १७९० च्या तहाचा दरबार त्यांत रंगविला आहे. पुण्यांतील इंग्रज वकील मॅलेट ह्यानें तें काम जेम्स वेल्स ह्या चित्रकाराला सांगितलें. वेल्स १७९५ सालीं वारला, आणि टॉमस डॅनियल ह्यानें चित्र १८०५ सालीं पुरें केलें. सांप्रत तें लंडनच्या टेट संग्रहालयाकडे आहे. त्यांतील खांब व महिरपी पाहाव्या, पण त्याहून अधिक पाहावें तें माणसांचें बसणें. पेशवे आणि इंग्रज वकील दोघेही जमिनीवरच्या बैठकीवर आहेत.

हें बसणें ध्यानांत घेतल्यावांचून वाड्याची सजावट कळत नाहीं. बैठक जमिनीवर, म्हणून खिडक्यांचे उंबरे ठेंगणे. लोडाला टेकलेल्या माणसाला चौकांतील तुळशीवृंदावन दिसलें पाहिजे. कोनाडेही त्याच हिशेबानें, बसल्या जागीं हात पोंचेल अशा उंचीवर. भिंती हात-दीड हात जाड, तेव्हां कोनाडा काढण्याला वेगळा खर्च नव्हता. कपाट, दिवा ठेवण्याची जागा आणि शोभा हीं तिन्ही कामें तो एकटा करी. त्याच्या वरच्या कडेला गवंडी चुन्याची लहानशी महिरप काढी, आणि पणतीच्या काजळीनें ती महिरप आंतून काळी होत जाई. ती काळोखी दिवाळीपूर्वीं चुन्यानें झांकावयाची आणि पुन्हां वर्षभर होऊं द्यावयाची.

ज्यांना सामर्थ्य होतें ते भिंती रंगवून घेत. वाईजवळ मेणवली येथें कृष्णेच्या कांठीं नाना फडणिसांचा वाडा आहे. तेथील भिंतींवर पौराणिक प्रसंगांचीं चित्रें अजून पाहावयास मिळतात. विलायती कांचेचीं हंड्या-झुंबरें आणि मोठे आरसे हेही अशाच श्रीमंतांच्या घरीं. सामान्य घराच्या भिंतीवर चौकटींतील तसबीर आली ती बरीच मागाहून. पुण्यांत विष्णुशास्त्री चिपळूणकर व त्यांचे सहकारी ह्यांनीं १८७८ सालीं चित्रशाळा काढली. रविवर्म्याचा छापखाना १८९४ सालीं मुंबईस सुरू झाला. तेव्हांपासून देवांचीं रंगीत चित्रें स्वस्त झालीं, आणि कोनाड्यांतले देव खिळ्यावर चढले.

माजघराची सजावट रोजची असे. जमीन शेणानें सारवावयाची, उंबऱ्यावर रांगोळीचीं दोन बोटें ओढावयाचीं. चैत्रांत गौरीपुढें आरास मांडावयाची. संध्याकाळपर्यंत रांगोळी पुसून जाई. तिचा हिशेब कोणत्याही बखरींत नाहीं, आणि ती काढणाऱ्या हातांचीं नांवेंही नाहींत.

१९६१ सालीं पानशेतचें धरण फुटलें, तेव्हां पुण्यांतील नदीकांठचे पुष्कळ वाडे एका दिवसांत बसले. जे उरले ते पुढें एकेक करून मालकांनीं व बिल्डरांनीं पाडले. आमच्या आळींतला वाडा पाडला तेव्हां मी रोज सकाळीं जाऊन उभा राहत असें. जुन्या लांकडाचा व्यापारी टेंपो घेऊन आला. त्यानें खांब घेतले, केळफुलें वेगळीं सोडवून पोत्यांत भरलीं, दाराची गणेशपट्टीही नेली. कोनाड्यांना गिऱ्हाईक नव्हतें. ते राडारोड्यांत गेले. आंतली काजळी मात्र त्या ढिगावर दोन दिवस दिसत होती.

पुढें तीन-चार वर्षांनीं एका उपाहारगृहांत गेलों असतां दारापाशीं त्यांतलाच एक खांब दिसला. त्याच्या एका पाकळीवर लहानपणीं मींच चाकूनें अक्षर कोरलें होतें, म्हणून ओळख पटली. त्याला सोनेरी रंग दिला होता, आणि छत ठेंगणें पडलें म्हणून तळचा घट निम्मा कापून टाकला होता. मी हात लावून पाहत आहें असें पाहून तेथील पोऱ्या धांवत आला आणि म्हणाला, "आजोबा, टेकूं नका हं. तो कशालाच धरून नाहीं, नुसता शोभेचा आहे."