सेवायोजन कार्यालय आणि पदवीधरांची रांग

महाराष्ट्रात पदवीधरांच्या बेकारीला परीक्षांच्या वेळापत्रकाने हंगामी रूप दिले. विद्यापीठांचे निकाल जून-जुलैच्या सुमारास लागत आणि हजारो तरुण एकाच वेळी नोकरीच्या शोधात बाहेर पडत. जागा मात्र वर्षभर, कार्यालयांच्या सोयीने भरल्या जात. या दोहोंमधल्या काळात बहुतेकांचे पहिले पाऊल ठरलेले असे: जिल्ह्याच्या सेवायोजन कार्यालयात नाव नोंदवणे.

ही व्यवस्था मुळात पदवीधरांसाठी नव्हती. दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्यातून मोकळे झालेले जवान आणि युद्धकामावरून कमी झालेले कामगार यांना काम मिळावे म्हणून 1945 मध्ये केंद्र सरकारने पुनर्वसन व सेवायोजन महासंचालनालय स्थापन केले. 1948 मध्ये त्याची कार्यालये सर्वांसाठी खुली झाली. बी. शिवराव समितीच्या शिफारशींनंतर 1 नोव्हेंबर 1956 पासून त्यांचा दैनंदिन कारभार राज्यांकडे आला.

रिक्त पदे कळवणे सक्तीचे करणारा 1959 चा कायदा 1 मे 1960 रोजी, महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेच्या दिवशीच, अमलात आला. सरकारी आस्थापना आणि 25 किंवा अधिक कामगार असलेल्या खाजगी आस्थापना यांना तो लागू होता. मात्र जागा कळवल्यावर माणूस याच कार्यालयामार्फत घेण्याचे बंधन या कायद्याने कोणावरही घातले नाही. कायदा मोडल्यास पहिल्या वेळी दंडाची कमाल मर्यादा 500 रुपये होती.

कार्यालयाकडून नावे पाठवताना पात्रतेबरोबर नोंदणीची ज्येष्ठता पाहिली जाई. म्हणून निकाल हाती येताच नाव नोंदवायचे, मिळालेले कार्ड जपायचे, मुदतीत त्याचे नूतनीकरण करायचे आणि ‘कॉल’ची म्हणजे मुलाखतीच्या बोलावण्याची वाट पाहायची, ही रीत घरोघरी रुळली. त्या काळात तरुण टंकलेखन शिकत. मराठीत मिनिटाला 30 आणि इंग्रजीत 40 शब्दांचे प्रमाणपत्र लिपिकाच्या जागेसाठी उपयोगी पडे. 1973 मध्ये शिकाऊ उमेदवार कायद्याच्या कक्षेत अभियांत्रिकी पदवीधर आले आणि त्यांना विद्यावेतनासह कारखान्यातला अनुभव मिळू लागला.

मुंबईत या प्रतीक्षेला राजकीय धार आली. कचेऱ्यांतल्या नोकऱ्यांत मराठी तरुणांना स्थान मिळत नाही, ही तक्रार ‘मार्मिक’ साप्ताहिकाने लावून धरली आणि 1966 मध्ये स्थापन झालेल्या शिवसेनेचा तो प्रमुख प्रश्न बनला.

नोंदणी आणि नोकऱ्या यांतली दरी वाढतच गेली. 2000 च्या सुमारास देशभरातील कार्यालयांत नोंदलेल्या नावांची संख्या चार कोटींवर होती, तर वर्षभरात त्यांच्यामार्फत कामाला लागणारे दोन लाखांच्या आसपास होते. रिक्त जागांची माहिती कार्यालयाच्या भिंतींबाहेरही पोचू लागली होती. ‘एम्प्लॉयमेंट न्यूज’ हे सरकारी साप्ताहिक 1976 मध्ये सुरू झाले. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की केवळ या कार्यालयाने पाठवलेल्या नावांपुरती निवड मर्यादित ठेवू नये. वृत्तपत्रांतूनही जाहिरात द्यावी आणि इतर पात्र अर्जदारांचा विचार करावा. त्यामुळे ज्येष्ठता यादीचे महत्त्व ओसरले आणि जाहिरात पाहून थेट अर्ज करणे व स्पर्धा परीक्षा देणे हे मुख्य मार्ग झाले. 2015 मध्ये केंद्राने राष्ट्रीय करिअर सेवा पोर्टल सुरू केले आणि तेथे ऑनलाइन नोंदणी करता येऊ लागली.

या व्यवस्थेने जागेची बातमी गावाकडच्या तरुणापर्यंतही नेली आणि वशिला नसलेल्याला सरकारी यादीत हक्काचे स्थान दिले. नव्या जागा निर्माण करणे मात्र तिच्या हाती कधीच नव्हते.